पाण्याची नोंद

१९५६ साली ब्रिटनकडून भारतीय नौदलात चार माइनस्वीपर आली, समुद्रातले सुरुंग काढणारी जहाजं. 'कारवार', 'काकिनाडा', 'कॅननोर' आणि 'कडलोर' ही त्यांची नावं. पोलादाच्या युगातल्या या जहाजांचं अंग लाकडाचं होतं. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर, लांबी सुमारे ४६ मीटर, वर तीस-पस्तीस माणसं. लाकूड वापरण्याचं कारण सुरुंगातच होतं. दुसऱ्या महायुद्धात चुंबकी सुरुंग मोठ्या प्रमाणावर आले. पोलादी जहाज जवळून गेलं की त्याच्या चुंबकत्वाची चाहूल सुरुंगाला लागायची आणि तो फुटायचा. लाकडी जहाजाची तशी चाहूल लागत नाही. म्हणून ज्या पाण्यात मोठ्या युद्धनौकांनी जायचं, त्या पाण्यात आधी हे लाकडी जहाज जायचं, मागे तारा ओढत, सुरुंगांचे दोर कापत.

लाकडी जहाजाला सुतार हवाच. माझे वडील, आमचे आबा, 'कारवार'वर सुतार होते.

आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठाला. याच खाडीत गिर्ये गावाजवळ मराठ्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे. विजयदुर्गाची गलबतं तिथे दुरुस्तीला येत. आमच्या घराण्यातलं कोणी त्या गोदीत राबलं होतं की नाही, याचा कागद आमच्याकडे नाही. पण आजोबा होड्या दुरुस्त करत, नांगर घडवत, दारं-चौकटी करत, आणि गावासाठी ते 'मेस्त्री' होते. आबा त्यांच्याच हाताखाली वाकस आणि रंधा धरायला शिकले. घरात खाणारी तोंडं जास्त आणि बलुत्याचं भात कमी, म्हणून ते मुंबईला गेले आणि नौदलात भरती झाले. सुतारकी मात्र सुटली नाही. फक्त काम गावातून समुद्रावर गेलं.

जहाजावर सुताराला 'चिप्पी' म्हणत, ब्रिटिश नौदलातून आलेली ही हाक. चिप्पीनं जहाजावर कपाटं, शिड्या, बाकं करावीत, होडक्यांची डागडुजी करावी, हे ओघानं आलंच. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. जहाजाला भोक पडलं तर आत येणारं पाणी थोपवायचं. त्यासाठी जहाजावर ठिकठिकाणी लाकूड रचून ठेवलेलं असे. मऊ पाइनचे निमुळते बूच, लहानमोठ्या पाचरी, जाड फळ्या, लांब वासे, आणि मोगऱ्या. एवढं मऊ लाकूड का, असं मी लहानपणी विचारलं होतं. आबांनी मला खळ्यात बसवून पाण्याच्या बादलीला एक भोक पाडून दाखवलं. पाइनचा तुकडा तासून त्यात ठोकला. आधी थोडं पाणी झिरपत राहिलं. मग लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, आणि गळती बंद झाली. जे पाणी आत शिरू बघतं, तेच पाणी बुचाला घट्ट बसवतं. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असं काही मी तोवर वाचलं नव्हतं.

शेजारच्या कप्प्यात पाणी भरलं की मधली भिंत फुगू लागते. तिला टेकू द्यायचा असतो. भिंतीला फळी लावायची, फळीला वासा, वाशाच्या पायथ्याशी समोरासमोर दोन पाचरी, आणि दोन्हीकडून सारखे घाव. टेकू दिला म्हणजे काम संपलं, असं कधीच होत नाही. जहाज डोलतं, लाकूड दबतं, पाचर सैल होते. म्हणून टेकूपाशी एक माणूस बसवावा लागतो, हाताशी मोगरी घेऊन, तासन्‌तास. आबा सांगत की त्या माणसाचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. त्याला झोप लागली की बाकी सगळ्यांची मेहनत वाया.

आणि रोजचं एक काम असे, ज्याचं मला मोठेपणीही नवल वाटत राहिलं. सकाळ-संध्याकाळ चिप्पीनं जहाजाच्या पोटातली प्रत्येक टाकी, प्रत्येक कोरडा कप्पा मोजायचा. वरून खाली जाणाऱ्या नळीत एक सळई सोडायची. सळईला खडू घासलेला. वर काढली की खडू कुठवर भिजलाय ते दिसतं. तो आकडा वहीत लिहायचा. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, तेलाच्या टाक्या, आणि जिथे काहीच असायला नको असे रिकामे कप्पेही. रिकाम्या कप्प्यापुढे शून्य लिहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. महिनोन्‌महिने शून्य. एखाद्या दिवशी त्या शून्याच्या जागी बोटभर पाणी आलं, तर ते त्या दिवशीच कळावं, यासाठी ही सगळी शून्यं.

"जां सुकां आसा, तां आदी बघूचां," आबा म्हणायचे. जे कोरडं आहे ते आधी बघायचं. आणि त्याला जोडून, "पाणी वाट बघीत आसता."

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत नौदलाचा जो ताफा गेला, त्यात 'कारवार' होतं. मुंबईहून निघून जहाजं दक्षिणेकडे चालली. म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरून. रत्नागिरी, मग विजयदुर्ग, मग देवगडचं दीपगृह, मालवण, वेंगुर्ला. जन्मभर जमिनीवरून पाहिलेला विजयदुर्ग आबांनी त्या वेळी समुद्राच्या बाजूनं पाहिला, पाण्यातून वर आलेला, तिन्ही तटांसकट. किल्ल्याच्या मागे खाडी, खाडीच्या आत आमचं घर, आणि घरात आई, तेव्हा माझा थोरला भाऊ पोटात. जहाज थांबणार नव्हतं. घर तिथून दिसणारही नव्हतं. तरी आबा आपलं काम आटोपून वर डेकवर येऊन उभे राहिले होते. काय वाटलं तेव्हा, असं विचारलं की ते फक्त वाऱ्याची दिशा सांगत. वारा जमिनीवरचा होता, सकाळचा, थंड. त्या वाऱ्याला चुलीच्या धुराचा वास येत होता म्हणाले. एवढ्या दुरून येत असेल की नाही कोण जाणे. पण आबा कधी वाढवून बोलले नाहीत, म्हणून मी तो वास खरा धरते.

त्या कारवाईत अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीतले सात नौसैनिक कामी आले. आबांचं जहाज नीट परतलं. दोन दिवसांनी त्यांनी आईला कार्ड लिहिलं. त्यात लढाईचा शब्द नाही. माडीच्या पूर्वेकडच्या वाशाला वाळवी लागली होती, तिचं काय झालं, अशी विचारणा आहे.

आईची उत्तरं फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, या पत्त्यावर जात. जहाज कुठेही असो, पत्र आधी तिथे जायचं आणि मग जहाजाला शोधत फिरायचं. कधी कधी उत्तर येईपर्यंत ऋतू बदललेला असे. मे महिन्यात आबा रजेवर यायचे ते कोकणबोटीनं. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून चतुर्थीची रजा मिळालीच तर एसटीनं, घाट उतरून. मधल्या सगळ्या काळात घर आईनं चालवलं. सासू-सासरे, आम्ही तीन मुलं, दोन गुरं, थोडी शेती. मनिऑर्डर आली की तिचे भाग करायची. शाकारणीचे गडी वेळेवर बोलवायची. कुठल्या पावसात कुठल्या भिंतीला ओल येते, कोणत्या माडाची झावळी कौलांवर पडणार आहे, कुठल्या मुलाचा खोकला नेहमीचा आणि कुठला वेगळा, हे सगळं तिला माहीत असे. आबांनी एकदा कौतुकानं तिला जहाजावरच्या नोंदवहीची गोष्ट सांगितली. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचां वहीत आसता, माझां डोक्यात."

आबा हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली. ते दृश्य मला अजून आठवतं, कारण आमच्या गावात तेव्हा बायकोच्या बोलण्यावर असं गंभीरपणे मान डोलावणारे नवरे फार नव्हते. आबांना कळलं होतं की आपण समुद्रावर करतो तेच काम ही घरी करते आहे, पगाराशिवाय, पाळी न बदलता.

मुंबईत जहाज गोदीत लागलं की आबा सुटीच्या दिवशी डंकन डॉकच्या काठाकाठानं हिंडत. ही गोदी १८१० साली पुरी झाली. त्याच्याही आधी, १७३६ मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या इथे जहाजं बांधत राहिल्या. ब्रिटिश नौदलाला मलबारच्या सागाची जहाजं हवी असत, त्यालाही कारण होतं. ओकच्या लाकडातल्या आम्लानं लोखंडी खिळे झिजतात. सागात तेल असतं, ते खिळ्याला सांभाळतं आणि किडीलाही दूर ठेवतं. जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१७ साली इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे, अजून तरंगतं. ज्या सागाच्या फळ्या आबा रोज रंध्याखाली घालत, त्याच जातीचा साग दोनशे वर्षं समुद्र सोसू शकतो, याचा त्यांना घरच्या माणसाचा वाटावा तसा अभिमान होता. वाडियांचं नाव राहिलं, ते राहायलाच हवं. पण त्या फळ्या ज्यांनी तासल्या, फटींत कापूस ठासला, त्या शेकडो सुतारांबद्दलही आबा बोलत. जहाज तरंगतं आहे म्हणजे त्यांचं काम अजून चालू आहे, असं त्यांचं म्हणणं.

१९७१ मध्ये आबा दुसऱ्या जहाजावर होते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'खुकरी'वर पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो बसला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. या दिवसाबद्दल आबांनी एकदाच सविस्तर सांगितलं, माझं लग्न ठरल्यावर, कसल्याशा वेगळ्याच गोष्टीवरून. 'खुकरी'वरही टेकूचे वासे रचलेले होते, बूच होते, पाचरी होत्या. सगळ्यांना सराव होता. पण टॉर्पेडो वेळच देत नाही. लाकडाला आणि माणसाला थोडा तरी वेळ लागतो.

मी विचारलं, मग या सगळ्या मोजण्याचा, लिहिण्याचा उपयोग काय? आबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं की बातमी आली त्या सकाळीही त्यांनी सळईला खडू घासला होता. हात थरथरत होते, म्हणून आकडे नीट आले नव्हते. तरी सगळ्या टाक्या मोजल्या, सगळी शून्यं लिहिली. "जां आपल्या हातात आसा, तां करूचांच," म्हणाले. त्यानंतर मी त्यांना हा प्रश्न पुन्हा विचारला नाही. एवढ्या मोठ्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं छोटं काम पुन्हा हातात घेणं, यासाठी लागणारं धैर्य मला नंतर आयुष्यात फार थोड्या माणसांत दिसलं.

नौदलातून निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा मी शाळेत होते. खळ्याच्या कडेला, फणसाच्या झाडाखाली, त्यांनी आपलं सुतारकामाचं छप्पर घातलं. करवती, पटाश्या, गुण्या, ओळंबा, रंधे, सगळी हत्यारं भिंतीवर आपापल्या आकाराच्या खोबणीत बसवलेली, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर भिंतच सांगेल. त्या छपरातला वास अजून माझ्या नाकात आहे. सागाचा थोडा तुरट, तेलकट. ऐनाचा उग्र. फणसाचा गोडसर. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षांमागून वर्षं ते गडद होत जातं. आमच्या देवघरातला देव्हारा फणसाचा आहे. मी लहान असताना तो पिवळा होता, आज तपकिरी आहे.

जहाजावरच्या सवयी घरात आल्या. आबांनी स्वयंपाकघरात जी फळी ठोकली, तिला समोरून बोटभर उंचीची पट्टी मारली. जहाज कललं की भांडी घसरून पडू नयेत म्हणून तिथे फळ्यांना अशी पट्टी असते. दारांना अडकवायला आकडे आले. पाण्याच्या घागरीला लाकडी कडं आलं. शेजारी म्हणत, मेस्त्र्यांचं घर काय समुद्रात जाणार आहे काय? पण पुढे भावाची मुलं रांगायला लागली, फळ्या धरून उभी राहू लागली, तेव्हा आमच्या घरात कुणाच्या अंगावर कधी भांडं पडलं नाही. फळीची उंची आबांनी आईच्या खांद्यावरून घेतली होती. तिला टाचा उंचवाव्या लागू नयेत, वाकावंही लागू नये. पंधरा-सोळा वर्षं दूर राहिलेल्या माणसानं बायकोवरचं प्रेम कसं दाखवावं, याची आमच्याकडे काही रीत नव्हती. आबांनी ते मापात दाखवलं.

चतुर्थी जवळ आली की ते वेगळेच होत. नौदलातल्या किती चतुर्थ्या हुकल्या असतील! आता एकही हुकू द्यायची नव्हती. गणपतीचा पाट मूर्तिशाळेत पोचवण्याआधी ते तो पुन्हा एकदा रंधून, घासून घ्यायचे. मग माटवी. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, जिला आम्ही कवंडाळं, नारळ, सुपाऱ्या, आंब्याचे टाळे, रानातली फुलं बांधतो. आबांच्या माटवीचे सांधे साल आणि कुसू धरून बसवलेले असत, खिळा एकही नाही. वर एवढं ओझं लटकणार, खाली देव आणि समोर लहान मुलं, तिथे गंजलेल्या खिळ्यावर विसंबायचं नाही. वाडीतल्या निम्म्याहून अधिक घरांत त्यांच्याच हातच्या माटव्या होत्या. गरिबाकडून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

आणि वैशाख. पावसाआधी घराची तपासणी. हातात मोगरी घेऊन आबा आढ्यापासून सुरू करायचे. प्रत्येक वाशावर एक ठोका, कान लावून. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, आतून पोकळ झालेलं भदभदतं. रिपा, तुळया, खांबांचे पाय, न्हाणीघराची चौकट. मग काजूच्या टरफलाचं तेल लावायचं. ती वही त्यांनी घरीही ठेवली होती. वाशाचा क्रमांक, तारीख, आणि पुढे बहुतेक वेळा एकच शब्द, 'ठीक'. वर्षानुवर्षं ठीक, ठीक, ठीक. कोणी वाचली तर वाटेल, या माणसाला दुसरं काही लिहायला नव्हतं. मला मात्र ती वही आमच्या घराचा खरा इतिहास वाटते. घरं कशी पडली हे सगळ्यांना आठवतं. पन्नास पावसाळे घर पडलं नाही, हे कुणाला आठवणार? ते कुठेतरी लिहिलेलं हवं.

शेवटच्या वर्षांत त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायला सांगितला. हे काम आईनं घेतलं. जिचं सगळं डोक्यात असायचं, तिनं पहिल्यांदा वही उघडली. आबांचीच वही, वाशांच्या नोंदी संपल्या त्याच्या पुढचं पान. चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या अक्षरात तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. आबा दंड पुढे करून शांत बसायचे. आयुष्यभर ज्यानं मोजलं त्याला आता कुणीतरी मोजत होतं, आणि त्याला ते मान्य होतं. आकडा बरा आला की आई पुढे लिहायची, 'ठीक'. तिला तो शब्द कुणी सुचवलेला नव्हता.

आबा गेल्यावर हत्यारांचा प्रश्न निघाला. भाऊ म्हणाला, चांगल्या काचेच्या कपाटात मांडून ठेवू. आईनं ऐकलं नाही. खाडीवर होड्यांची दुरुस्ती करणारा एक तरुण मुलगा आहे, फायबरच्या होड्या आल्या तरी लाकडाचं काम सोडलेलं नाही असा. तिनं सगळी हत्यारं त्याला दिली. एका अटीवर, दर वैशाखात येऊन त्यानं आमच्या घराचे वासे तपासायचे.

२०२५ मध्ये नौदलानं कारवारला 'कौंडिण्य' हे जहाज आपल्या ताफ्यात घेतलं. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रावरून घडवलेलं, खिळ्यांवाचून, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सुतार यांनी ते बांधलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. दोरी भिजली की आवळते काय? आणि जहाजावर चिप्पी आहे काय?

मला वाटतं, कुठलंही जहाज, कुठलंही घर, कुठलंही लग्न याच दोन प्रश्नांवर टिकतं. बांधणी अशी असावी की संकटच तिला घट्ट करील, आणि काही बिघडलेलं नसतानाही रोज बघणारं कुणीतरी आत असावं. माझ्या आईवडिलांनी दोघांनी मिळून हे आयुष्यभर केलं. त्यांना पदक मिळालं नाही. गेल्या वैशाखात तो मुलगा आला, आढ्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळं ठोकून पाहिलं, पश्चिमेकडचा एक वासा बदलायला सांगितला. आईनं तो त्याच आठवड्यात बदलून घेतला.